डेट्रॉईटचा मस्की, गंगापूरची विहीर : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पत्रं आली ती बरीचशी एकाच माशावर, अमेरिकेतल्या मस्कीवर. मराठवाड्यातली पोरं अमेरिकेत गेली, तिथं मासेमारीच्या नादाला लागली, आणि आता त्यांचे आई-बाप आम्हाला विचारायलेत. चांगलंय.

प्रश्न : माझा मुलगा डेट्रॉईटजवळ नोकरीला आहे. दर शनिवारी बोट घेऊन मस्की नावाच्या माशामागं असतो. मी ऑक्टोबरच्या शेवटी तिकडं जायलोय, महिना-दीड महिना राहणार. तो म्हणतोय, पप्पा तुम्ही बी या बोटीवर, पण दिवसभर फेकाफेकी केली तर तुमचा खांदा जाईल, तुम्ही व्हर्टिकल जिगिंग शिका. मी आयुष्यभर गोदावरीत गळ टाकलाय पण हे जिगिंग कधी बघितलं नाही. नेमकं काय असतं आणि इथं राहून शिकता येतं का?
— एक वाचक, गंगापूर

उत्तर : मुलगा बरोबर सांगायलाय. मस्की हा तिकडचा गोड्या पाण्यातला सगळ्यात दांडगा शिकारी, लांबलचक अंग, चपटं थोबाड आणि तोंडात दातच दात. तीन-साडेतीन फुटाचा म्हणजे चांगला, चार फुटाच्या पुढचा लागला तर लोक नातवंडांना सांगतात. दहा हजार वेळा टाकावं तेव्हा एकदा लागतो असं तिकडं म्हणतात, ते अतिशयोक्तीचं आहे पण फार नाही, कारण एकतर हे मासे पाण्यात मुळातच कमी असतात आणि त्यात आमिषाच्या मागं बोटीपर्यंत येऊन नुसतं बघून परत जायची त्यांना खोड. आता पाव-अर्धा किलोच्या आसपास जाणारं रबरी आमिष दिवसभर फेकत बसायचं म्हटल्यावर साठीतल्या माणसाच्या खांद्याचं काय होईल ते तुम्हीच सांगा.

जिगिंगमध्ये फेकायचं नसतं. बोटीच्या कडेला उभं राहायचं, वजनदार आमिष सरळ खाली तळापर्यंत सोडायचं, मग काठीनं दोन-अडीच फूट वर उचलायचं आणि पुन्हा खाली जाऊ द्यायचं. बस, एवढंच. ऐकायला सोपं आहे आणि म्हणूनच बहुतेक जण बिघडवतात.

आधी एक सांगतो, ही पद्धत तिथं का चालते. डेट्रॉईट नदी सेंट क्लेअर तलावातनं निघून एरी तलावाला जाते, पाणी भरपूर आणि धार जोरात. थंडी सुरू झाली की बारके चंदेरी मासे, त्यांना गिझर्ड शॅड म्हणतात, ते थव्यानं खोल पाण्यात नि नदीत उतरतात आणि मस्की त्यांच्या मागोमाग. तलावातलं गवत झडायला लागलेलं असतं, पाणी गार, मासा सुस्त, लांब पाठलाग करायची त्याची तयारी नसते. अशा वेळी वरून फेकून ओढलेलं आमिष त्याच्या डोक्यावरनं निघून जातं. जिग, म्हणजे हे सरळ खाली सोडलेलं वजनदार आमिष, मात्र तळाजवळ, त्याच्या तोंडापुढं, वरखाली होत राहतं. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर हाच खरा मोसम आणि तुम्ही बरोबर त्याच टायमाला चाललात.

आता शिकायचं काय, तर दोनच गोष्टी. दोरी ओळंब्यासारखी सरळ ठेवणं आणि खाली जाताना आमिषाबरोबर काठी नेणं.

दुसरी आधी सांगतो कारण ती तुम्ही इथंच शिकू शकता. वर उचलणं कुणालाबी जमतंय. मासा घेतो तो जास्त करून आमिष खाली पडताना, आणि तेव्हाच बहुतेकांचा हात झोपलेला असतो. दोरी एकदम सैल सोडली तर आमिष छान डोलत खाली जातं पण माशानं घेतलं तरी तुम्हाला कळत नाही. दोरी एकदम ताणून धरली तर कळतंय सगळं, पण आमिषच मेल्यासारखं खाली जातं, डोलत नाही, त्याचं पातं फिरत नाही. या दोन्हीच्या मधलं पाहिजे. काठीचं टोक आमिषाच्याच वेगानं खाली यायला हवं, दोरी पडली बी नाही आणि ओढली बी नाही. हे लिहून कळणार नाही, हातालाच कळतं.

आणि त्यासाठी तुमच्याकडं विहीर आहे. गंगापूर तालुक्यात शेत असलेल्या माणसाकडं विहीर नाही असं मी तरी ऐकलं नाही, आणि पाऊस बरा झाला असला तर ऑक्टोबरमध्ये तीस-चाळीस फूट पाणी असतंच. एक जाडजूड आखूड काठी घ्या, नसली तर कुणाकडनं तरी बोट-फिशिंगची जुनी काठी मागा, त्याला तंगूस नको, विणलेली ब्रेड दोरी लावा कारण तंगूस ताणतो आणि तळ कळू देत नाही. टोकाला जाळ्याला लावतात तसली शिशाची वजनं एकत्र बांधून दीडशे-दोनशे ग्रॅम करा. गळ लावायचाच नाही, नाहीतर मोटारीच्या पायपाला नाहीतर फूटव्हॉल्व्हला अडकेल आणि घरच्यांच्या शिव्या खाव्या लागतील. मोटार बंद असू द्या, कठडा धड असेल तिथंच उभं राहा, आणि कुणीतरी सोबत असू द्या, विहिरीच्या काठावर एकट्यानं असले उद्योग करायचे नाहीत.

वजन सोडा, मनात आकडे मोजा, तळाला टेकलं की दोरी एकदम हलकी पडते ती जाणीव घ्या. समजा सहाला टेकलं. मग दोन फूट उचला आणि दोरीमागं काठी आणत खाली सोडा, परत उचला, परत सोडा. डोळे मिटून करा. आता खरी गंमत : बहुतेक विहिरींना बाजूनं दगडाचा एखादा टप्पा असतो, खोदताना राहिलेला. वजन जरा बाजूला सरकवून त्या टप्प्यावर पडू द्या. सहाला टेकायचं ते चारला टेकतं, हाताला एकदम वाटतं की अरे, तळ लवकर कसा आला. मस्की जिग घेतो ते असंच लागतंय. झटका नाही, ओढाताण नाही, नुसतं पडता पडता मधेच थांबतं. नाहीतर उचलायला गेलं की ओल्या गोणपाटासारखं जड. ज्याला आकडा पाठ झालाय त्यालाच ते चार आणि सहातलं अंतर कळणार, बाकीचे गवत असेल म्हणून सोडून देतात.

अशी जरा बी शंका आली की विचार करत बसू नका, काठी सरळ वर मारा, जोरात. रीलचा ड्रॅग, म्हणजे दोरी सुटू न देणारा ब्रेक, घट्ट पाहिजे आणि अंगठा दोरी गुंडाळलेल्या स्पूलवर, कारण मस्कीचा जबडा हाडाचा असतो, तिथं गळ नुसता टेकून चालत नाही, रुतावा लागतो. वाटलं आणि निघालं गवत, तर निघू द्या, काही जात नाही.

आता पहिली गोष्ट, सरळ दोरी. ही विहिरीत फुकट मिळते, नदीत कमवावी लागते. धार बोटीला एकीकडं नेते, वारा दुसरीकडं, आणि आमिष तिसरीकडंच राहतं. मग दोरी तिरपी होते, तिरपी झाली की तुम्ही कितीबी काठी हलवा, खाली आमिष वर उठण्याऐवजी घासत पुढं सरकतंय, आणि तळ कुठंय ते बी कळत नाही. उपाय सोपा आहे : दोरी जिकडं जायली तिकडं बोट न्यायची. पुढच्या टोकाला इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटार असते तिच्यानं बोट धारेच्याच वेगानं वाहू द्यायची, अधूनमधून जरा जरा दुरुस्त करायची. हे काम पहिल्या दिवशी मुलाकडं द्या. पण दोरी बघून "डावीकडं घे, जरा मागं" एवढं सांगायचं काम तुमचं, कारण दोरी तुमच्या हातात आहे.

बोटीवर सोनारची, म्हणजे पाण्यात आवाजाच्या लहरी सोडून तळ शोधणाऱ्या यंत्राची, स्क्रीन असेल, त्यात खोली दिसते आणि तुमचं आमिष बी वरखाली होताना दिसतं. सोनार बघा, पण हातापेक्षा जास्त विश्वास त्याच्यावर नको. तळ सारखा बदलतो, वीस फुटावरनं तीस होतो, म्हणून चार-पाच वेळा उचललं की एकदा मुद्दाम तळाला टेकवून बघायचं आणि मग हातभर वर ठेवून काम करायचं. पाणी जितकं गार तितका हात सावकाश. नोव्हेंबरच्या शेवटी तर अगदी आळशी माणसासारखं उचलायचं, मधे थोडं थांबायचं.

आणि कपडे. आपल्याला डिसेंबरातली पहाटेची थंडी म्हणजे थंडी वाटते, तिथं पाण्यावरचा वारा हाडात जातो आणि काठीच्या कड्यांमध्ये दोरीवर बर्फ धरतो. बोटं उघडी राहणारे हातमोजे, वॉटरप्रूफ जाकीट, खाली थर्मल, कानटोपी, आणि लाइफ जॅकेट अंगात घालून, सीटखाली ठेवून नाही. इतक्या गार पाण्यात पोहता येणारा माणूस बी काही मिनिटांत हातपाय हलवायचा बंद होतो, गोदावरीत पोहलोय म्हणून भागत नाही.

प्रश्न : व्हिडिओत बघितलं की मस्कीवाले बोटीजवळ आल्यावर काठीनं पाण्यात मोठा इंग्रजी आठ काढतात. जिगिंगमध्ये बी काढायचा का?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : तो फेकून ओढणाऱ्यांचा प्रकार आहे, मासा मागं मागं येतो म्हणून शेवटी वळण देऊन त्याला चिडवतात. जिगिंगमध्ये आमिष मुळात बोटीखालीच असतं. पण जागा बदलायला वर गुंडाळता ना, तेव्हा पृष्ठभागाजवळ आल्यावर एक मोठा संथ वळसा द्या, मग बाहेर काढा. खालून मागं आलेला असला तर तिथं घेतो. अशा वेळी दोरी एकदम आखूड असते तेवढं ध्यानात ठेवा.

प्रश्न : जावयानं सामानाची यादी पाठवली, साडेआठ फुटी हेवी रॉड, शंभर पाउंडाची ब्रेड, एकशेतीस पाउंडाचा लीडर. मासा दहा-पंधरा किलोचा आणि दोरी पंचेचाळीस किलोची, हे काय गणित आहे? पैसे उडवायची कामं वाटायलीत.
— एक वाचक, लातूर

उत्तर : जावयाच्या बाजूनं बोलावं लागेल. दोरी माशाच्या वजनासाठी जाड नसते. एक म्हणजे दोनशे ग्रॅमचं आमिष दिवसभर वर उचलायचं आणि झटका मारायचा, बारीक दोरी त्यातच जाते. दुसरं, दात. मस्कीच्या तोंडात साधी ब्रेड सुरीखाली आल्यागत कापली जाते, म्हणून पुढं फूट-दीड फूट जाड फ्लुरोकार्बन नाहीतर तारेचा लीडर, म्हणजे दोरी आणि आमिषामधला न कापला जाणारा तुकडा, पाहिजेच पाहिजे. तिसरं कारण लोकांच्या ध्यानात येत नाही. सेंट क्लेअर तलावात १९८८ साली झेब्रा शिंपले सापडले, जहाजांच्या पाण्यातनं आलेले परके शिंपले, आता दगड-खांब सगळं त्यांनी झाकलंय, त्यांच्या कडा धारदार. तळाला टेकवत काम करायचं म्हटल्यावर दोरी त्यांच्यावर घासणारच. दर थोड्या वेळानं लीडरवरनं नि वरच्या चार-पाच फुटांवरनं दोन बोटं फिरवायची, खरखरीत लागलं की कापून नवी गाठ. कंटाळा करायचा नाही. आणि चौथं, जाड सामानानं मासा लवकर बोटीला येतो, दमून मरत नाही.

पैसे वाचवायचेत तर आमिषांत वाचवा. जिगिंगला शंभर प्रकार लागत नाहीत. त्या नदीत बॉन्डी बेट नावाचं जड रबरी, पातं फिरणारं आमिष लई चालतंय, आणि मोठ्या ट्यूब जिग, म्हणजे पोकळ नळीसारखी रबरी आमिषं. दोन-तीन घ्या. रंगावरनं लोक भांडतात, मी त्या भांडणात पडत नाही, गढूळ पाण्यात भडक आणि निवळ पाण्यात चंदेरी एवढं पुरतं. रील मात्र स्वस्तातलं घेऊ नका.

प्रश्न : माझा भाचा चार फुटाचा मासा पकडून, फोटो काढून परत पाण्यात सोडतो. आमच्या घरात कोणाला हे पटत नाही. एवढ्या लांब जाऊन, थंडीत मरून, हातात आलेला मासा सोडायचा?
— एक मावशी, नांदेड

उत्तर : मावशी, तुमचा राग समजतो, नांदेडला गोदावरीच्या काठावर कुणी चार फुटाचा मासा सोडला तर लोक त्याला डॉक्टरकडं नेतील. पण मस्की सावकाश वाढतो. चाळीस इंचाला पोहोचायला त्याला साधारण सात-आठ वर्षं तरी लागतात, मोठ्या असतात त्या माद्या, आणि एवढ्या मोठ्या पाण्यात त्या मोजक्याच. त्या खाल्ल्या तर पुढच्या वर्षी भाच्याला फोटोपुरता बी मिळणार नाही. म्हणून तिथले कायदे बी कडक. मिनेसोटा राज्यात तर राज्याच्या आतल्या पाण्यात चोपन्न इंचाच्या आतला मस्की ठेवताच येत नाही, म्हणजे साडेचार फूट. डेट्रॉईट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनचे नियम वेगळे, ते भाच्याला त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघू द्या. दुसरी गोष्ट खाण्याची : एवढा जुना शिकारी मासा, वर कारखान्यांच्या पट्ट्यातली डेट्रॉईट नदी, त्याच्या अंगात पारा नि बाकीची रसायनं साठलेली असतात, तिथलं सरकारच मोठे मासे खाण्याबद्दल सावध करतंय. रस्सा करायचाच असेल तर भाच्याला वॉलआय आणायला सांगा, त्याच नदीत मिळतो, गोड लागतो, त्याचे बी नियम आहेत पण खायला लोक तोच पकडतात.

भाचा सोडतो कसा ते मात्र विचारा. जबड्यात हात घालून उभा टांगला, बोटीच्या फळीवर आपटू दिला, पाच मिनिटं फोटो काढत बसला, तर तो सोडलेला मासा नंतर मरतो, मग खाल्लेला काय वाईट होता. मोठ्या रबरी जाळ्यात पाण्यातच ठेवायचा, लांब पकडीनं गळ काढायचा, निघत नसला तर गळच कटरनं तोडायचा, गळ पाच-पन्नास रुपयांना मिळतो. उचलायचा तर आडवा, पोटाखाली हात, एक फोटो आणि परत. शेपटीजवळ धरून पाण्यात सरळ ठेवायचा, तो स्वतः हिसका देऊन जाईपर्यंत.

आणि हो, घरात कोणी विचारलंच की हा मासा वाढून वाढून होतो तरी केवढा, तर विस्कॉन्सिनमधला १९४९ सालचा एकतीस किलोच्या पुढचा मस्की सांगतात. त्याच्यावर अजून भांडणं चालू आहेत. मासा मोजायच्या बाबतीत माणूस सगळीकडं सारखाच.

प्रश्न : मस्कीची पिल्लं आणून जायकवाडीत सोडली तर? नाहीतर निदान हे जिगिंग तरी नाथसागरात चालेल का?
— एक वाचक, अंबड

उत्तर : पहिल्याला साफ नाही. तो गार पाण्याचा मासा, पाणी सत्तावीस अंशाच्या आसपास गेलं की तिकडचे जाणते लोक त्याला पकडायचं बी थांबवतात, मासा ताणानं मरतो म्हणून. आपल्या उन्हाळ्यात तो जगायचाच नाही. आणि समजा जगला तर आणखी वाईट, परका शिकारी मासा सोडला की काय होतं ते थाई मांगूरनं दाखवलंय, त्याच्या पैदाशीवर सरकारला बंदी घालावी लागली तरी तो अजून सापडतो. परवानगीशिवाय बाहेरचा मासा आणणं गुन्हाच आहे.

जिगिंगचं म्हणाल तर आधी जागा बघा. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथं वनखात्याला विचारल्याशिवाय काही करू नका, आणि धरणांत मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांकडं असतात, भोई मंडळींच्या पोटाचा प्रश्न असतो तो. येलदरी, माजलगाव कुठंबी जा, संस्थेला विचारून जा. मरळीसाठी जिगिंगचा उपयोग नाही, ती कडेच्या गवतात, उथळ पाण्यात, वर येऊन श्वास घेणारी, तिला पाण्यावर तरंगणारा रबरी बेडूक पाहिजे. शिवडा मात्र तळाचा, दात असलेला, रातचा शिकारी, त्याच्यासाठी खोल डोहात जिग चालायला पाहिजे असं माझं मत, पण मस्कीच्या मानानं हलकं आमिष वापरा, पन्नास-साठ ग्रॅम बास. फक्त थर्माकोलच्या तराफ्यावर उभं राहून झटके मारायला जाऊ नका. तराफा बसून जाळं टाकायला असतो, झटक्यानं उलटतो.

प्रश्न : नदीच्या पलीकडं कॅनडा आहे म्हणतात. बोट तिकडं गेली तर? आणि इथून जिग विकत घेऊन विमानात न्यावं का?
— गंगापूरच्याच वाचकांचं दुसरं पत्र

उत्तर : सरहद्द नदीच्या मधून जाते आणि बोट तर वाहतीच असते. अमेरिकेच्या बाजूला मिशिगनचं लायसन्स लागतं, ऑनलाइन निघतं, एका दिवसाचं बी मिळतं. कॅनडाच्या बाजूला गळ टाकला तर ऑन्टारिओचं वेगळं. मुलाला दोन्हीकडचं माहीत असेल, पण तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात, तेव्हा जीपीएसवर ती रेष दिसत राहील आणि आपण अलीकडंच राहू एवढं त्याला आधीच सांगून ठेवा. पलीकडच्या काठाला चहा प्यायला उतरायचं तर अजिबातच नाही.

जिग इथनं नेऊ नका, तिथं चांगली मिळतात आणि वजनाचं सामान उगंच वाढतं. न्यायचंच असेल काही तर चेक-इन बॅगेत, गळाच्या टोकांना टोप्या लावून, कडक डब्यात. हँडबॅगेत एवढे मोठे तिहेरी गळ निघाले तर सिक्युरिटीवाला बॅग उघडून बसणार. त्यापेक्षा बॅगेत मुलासाठी ज्वारीचं पीठ आणि शेंगदाण्याची चटणी न्या.